'कन्स्ट्रक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी नवरा-बायको एकमेकांकडे कसं बघतात ते मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केलीच्या पद्धतीने, म्हणजे रेपर्टरी ग्रिड (ओळखीची माणसं आणि त्यांना मोजायच्या पट्ट्या यांचा तक्ता) घेऊन तपासतेय. मुलाखती मराठीत आहेत आणि अडलंय 'कन्स्ट्रक्ट'वर. 'संरचना' म्हटलं की बिल्डिंग डोळ्यासमोर येते, 'संकल्पना' म्हणजे कन्सेप्ट झाला. काय वापरू?

उत्तर १ : 'धारणा' घ्या ना, सगळ्यांना कळतं.

उत्तर २ : धारणा मला नाही पटत. "तो शांत आहे" ही झाली धारणा, तिला एकच टोक. केलीने १९५५ मध्ये मांडलं ते असं की माणूस दोन टोकांच्या पट्टीवर जग मोजतो, ती पट्टी म्हणजे कन्स्ट्रक्ट, म्हणून तर ग्रिडमध्ये ओळखीची तीन माणसं समोर ठेवून विचारतात की यातली कुठली दोन सारखी आणि तिसरं कशात वेगळं. आणि हे दुसरं टोक शब्दकोशातला विरुद्धार्थी शब्द नसतो, ज्याचं त्याने सांगायचं असतं. समजा बायको म्हणाली नवरा शांत आहे. विचारा, शांत नसलेला माणूस कसा? ती म्हणेल 'मनमोकळा'. नवऱ्याला विचारा, तो म्हणेल 'तापट'. म्हणजे तिच्या लेखी शांत म्हणजे घुमा आणि त्याच्या लेखी सोशिक, पण नुसती प्रश्नावली दिलीत तर दोघंही 'शांत'वर टिक करणार आणि तुम्ही लिहिणार एकमत!

प्रश्नकर्ती : अगदी हेच झालंय, माझ्याकडे 'काटकसरी'वर!! तिचं दुसरं टोक 'हौशी', त्याचं 'उधळ्या'.

उत्तर ३ : मी 'समजूत' सुचवेन. केलीचा भर 'कन्स्ट्रू' या क्रियापदावर आहे, अर्थ लावणे, आणि समजूतमध्ये समजणं आहेच, शिवाय ती चुकते, बदलते, काढता येते, घालता येते, हे धारणेत कुठे आहे? नात्यात तर केली म्हणतो की समोरचा कसा अर्थ लावतो हे ओळखता आलं तरच त्याच्याशी खरा व्यवहार होतो, दोघांचं मत एक असायची गरज नाही. राइल आणि लुंघी यांची १९७० ची डायड (म्हणजे जोडी) ग्रिड बघा, त्यात माणसांऐवजी 'मी त्याच्याशी' आणि 'तो माझ्याशी' अशी नाती मोजतात, आणि पुढे डबल डायडमध्ये जोडीदार हीच ग्रिड कशी भरेल याचाही अंदाज घेतात.

प्रश्नकर्ती : मग प्रबंधात 'दुटोकी समजूत' लिहिते. मुलाखतीत मात्र कुठलाच शब्द नको, सरळ विचारते, "तसा नसता तर कसा असता?"