ईव्हीच्या दारात अंबाडी की पत्राच बरा?

वाखवाला: बीएमडब्ल्यूची आय-थ्री ही इलेक्ट्रिक गाडी 2013 मध्ये आली. सांगाडा कार्बन फायबरचा आणि दारांच्या आतल्या पॅनेलांत चक्क अंबाडीचा वाख, म्हणजे खोडाच्या सालीचा तंतू! बॅटरीसकट गाडी साधारण 1,200 किलोत बसवली होती. आपल्याकडे अंबाडी बांधावर लावतात, भाजी खातात, दोर वळतात, आणि पुणे-चाकणच्या कारखान्यांना त्याचा पत्ताच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. दाराची आतली पॅनेलं, डिकीचं अस्तर, सीटची पाठ इथल्या प्लॅस्टिकमधला काचतंतू (ग्लास फायबर) काढा आणि वाख घाला. काचतंतूची घनता पाण्याच्या 2.5 पट, वाखाची 1.5च्या आसपास. गाडी हलकी झाली की तेवढ्याच रेंजला लहान बॅटरी पुरते, आणि बॅटरी लहान झाली की गाडी आणखी हलकी.

पत्रेवाला_भोसरी: आय-थ्रीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बरं. 2022 मध्ये ती बंद झाली, आणि तसा अख्खा कार्बनचा सांगाडा त्या कंपनीनं नंतरच्या ईव्हींना दिला नाही. आमचं डेंटिंगचं शेड आहे. पत्रा ठोकून सरळ होतो, फायबरला तडा गेला की पॅनेलच बदला. इलेक्ट्रिक चेतकची बॉडी पत्र्याची आहे, ती काय उगाच? शेवटी भंगारवाला पत्र्याचे किलोवर पैसे देतो. प्लॅस्टिकमध्ये कालवलेल्या वाखाचे कोण देणार?

वाखवाला: दादा, सीटच्या पाठीवर तुम्ही कधी हातोडा चालवलाय? मी बाहेरच्या बॉडीबद्दल बोलतच नाहीये.

कोळसा_मोजणारी: तुम्ही दोघं भांडताय, पण हलकं म्हटलं की कंपन्या पळतात अ‍ॅल्युमिनियमकडे. घनता 2.7, स्टीलची 7.85, त्यामुळे कागदावर झकास. पण एक किलो नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला 14 युनिटच्या आसपास वीज लागते, आणि आपले बहुतेक स्मेल्टर (हा धातू काढणारे कारखाने) स्वतःच्या कोळशाच्या वीजकेंद्रांवर चालतात. म्हणजे धूर पुण्यातून उचलून ओडिशा-छत्तीसगडला नेऊन ठेवला, एवढंच. भंगारातून केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला त्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. जाहिरातीत ‘हलकी चासी’ लिहिणाऱ्यांनी त्यात भंगार किती टक्के तेही लिहावं.

साचा_आणि_प्रेस: मी पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या धंद्यात, काम करतो. वाख 200 अंशांच्या वर करपायला लागतो, म्हणून त्याहून जास्त तापवावं लागणाऱ्या नायलॉनबरोबर तो जमत नाही. पॉलिप्रोपिलीन हे प्लॅस्टिक चालतं, ते 165च्या आसपास वितळतं. वाख ओलावा धरतो, नीट वाळवला नाही तर उन्हात उभ्या गाडीत वास मारतो. बॅटरीच्या पेटीजवळ आगीचे नियम कडक, तिथं नावच काढू नका. आणि वजनाचा एवढा बाऊ कशाला? ब्रेक दाबल्यावर मोटर थोडी ऊर्जा परत मिळवते आणि हायवेवर खरी लढाई हवेशी असते. वजन खटकतं ते घाटात आणि टायरच्या झिजेत.

वाखवाला: घाट सोडून महाराष्ट्रात गाडी चालवायची कुठे? टायरची झीज तर रोजचीच.

पत्रेवाला_भोसरी: जुन्या गाड्या मोडीत काढायचे 2025 चे केंद्राचे नियम वाचा. कंपनीची जबाबदारी परत मिळवलेल्या स्टीलच्या वजनावर मोजतात. वाख कोण मोजणार?

कोळसा_मोजणारी: ही तर नियमाची खोट झाली, वाखाची नाही. असं मोजलं तर हलका माल वापरणाऱ्याला त्याचं श्रेय मिळणारच नाही.

वाखवाला: अगदी हेच म्हणतोय. पॉलिप्रोपिलीनचं पॅनेल दळून पुन्हा ओतता येतं, वाख थोडा तुटतो इतकंच.

पत्रेवाला_भोसरी: बरं, दळा. पण आधी वाख आणणार कुठून? अंबाडी पाण्यात कुजवल्याशिवाय वाख सुटत नाही, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. दर हंगामाला तंतूची जाडी बदलते, कारखान्याला मात्र वर्षभर एकसारखा माल हवा. परचेसवाला पहिल्याच लॉटला परत पाठवेल.

साचा_आणि_प्रेस: यंत्रानं साल सोलता येते, पाणी कमी लागतं. वाख जरा राठ निघतो, पण डिकीच्या अस्तराला तोही चालेल.