मेघालयातली निळी नदी आणि आपल्या तुर्भ्याच्या बंद खदानी, पाणी सारखंच का?

घणसोलीकर_एस:
जानेवारीत मेघालयला गेलो होतो. सिलचरच्या रस्त्यावर सोनापूरला गाडी थांबवली तर खाली लुखा नदी, अख्खी निळी, नीळ घातलेल्या बादलीसारखी. मी म्हटलं काय सुंदर, तर ड्रायव्हर म्हणाला साहेब ह्यात मासा नाही, हिवाळ्यात असंच होतं, वरून जैंतिया हिल्सच्या कोळसा खाणींचं पाणी उतरतं. एक बाटली भरून आणली, बाटलीत निळंबिळं काही नाही, एकदम नितळ. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, कारण इथे नवी मुंबईत तुर्भ्याच्या डोंगराला दगडाच्या खदानी बंद पडल्यात त्यातही पाणी साठलंय, हिरवट, एका कडेला तांबूस ओघळ पण आहे आणि रविवारी पोरं त्यात पोहतात. ते पण अ‍ॅसिडचं असेल का? ज्याला खरंच माहितीये त्याने सांगा प्लीज.

वणीवाले_काका:
बाळा, 31 वर्षं विदर्भातल्या कोळसा खाणींत पंपावर काढली, आता मुलाकडे ठाण्याला असतो. हे पाणी मी हातावर घेतलंय. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक, पितळेसारखं चमकतं. जमिनीत गाडलेलं आहे तोवर काही करत नाही. खाण खणली की त्याला हवा आणि पाणी लागतं आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनायला लागतं, वर त्या लोखंडावर जगणारे बॅक्टेरिया असतात ते हे काम कितीतरी पटीने वाढवतात. आमच्याकडचा कोळसा तसा कमी गंधकाचा, तरी एका जुन्या भागातलं पाणी असं होतं की पंपाचा बिडाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, बाहेर काढला की पाती उंदराने कुरतडल्यासारखी, बोल्टची डोकी झडलेली. नालीत केशरी गाळ, बुटाला लागला की निघायचा नाही. मेघालयच्या कोळशात गंधक फार जास्त, म्हणून तिकडे नद्याच मेल्या.

आणि खाण बंद केली की संपलं, असं लोकांना वाटतं ते चूक आहे. चालू खाणीत पंप चालतात, पाणी हातात असतं. बंद झाली की पंप काढून नेतात, पाणी चढत जातं, जुनी भुयारं भरतात आणि एक दिवस तोंडातून वाहायला लागतं. मेघालयात 2014 ला एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, रॅट होल (उंदराच्या बिळासारख्या अरुंद) खाणींवर बंदी घातली, पण आधीचे खड्डे उघडेच राहिले, पाऊस त्यांतून जातो आणि नदीला मिळतो. अमेरिकेत बर्कली पिट म्हणून तांब्याची खाण आहे, 1982 ला पंप बंद केले, आता तिथे अ‍ॅसिडचा तलाव आहे, 2016 ला वादळात त्याच्यावर उतरलेले स्नो गीज, म्हणजे पांढरे रानहंस, हजारोंनी मेले. चुना टाकून अ‍ॅसिड मारता येतं, पण पाणी वाहतंय तोवर टाकतच राहावं लागतं, आणि मालक निघून गेल्यावर तो खर्च कोण करणार? ह्याचाच फार राग येतो मला.

रसायनवाली_वाशी:
अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. काकांचं अगदी बरोबर, पण आपल्याकडे खडक वेगळा. तुर्भे, पारसिक हा सगळा दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आपला काळा पाषाण. ह्यात पायराइट नगण्य, उलट कॅल्शियम मॅग्नेशियमवाली खनिजं भरपूर, ती अ‍ॅसिडला पुरून उरतात. त्यामुळे खदानीचं पाणी बहुतेक किंचित अल्कलीच निघेल. हिरवा रंग शेवाळाचा, म्हणजे निदान काहीतरी जगतंय, मला तुमची नितळ बाटलीच जास्त खटकतेय. फिश टँकच्या दुकानात पीएच किट मिळतं, दोन्ही पाणी तपासा. पीएच 7 म्हणजे मधलं, त्याच्या खाली अ‍ॅसिड, वर अल्कली. पिण्याच्या पाण्याला 6.5 ते 8.5 चालतो. आणि 7 वरून 3 वर आला तर अ‍ॅसिड दहा हजार पट वाढतं, चार पट नाही, हे मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. फक्त पीएच ठीक आला म्हणून पाणी चांगलं असं धरू नका, कोणी डेब्रिज, केमिकलचे ड्रम टाकले असतील तर ते किटमध्ये दिसत नाही. तांबूस ओघळाच्या वर भंगार पुरलंय का बघा.

तुर्भे_नाक्यावरची:
अ‍ॅसिड नसेल तरी पोरांना तिथे जाऊ देऊ नका हो. खदानीला उतार नसतो, पहिलं पाऊल गुडघाभर आणि पुढचं एकदम वीस-तीस फूट, धरायला काठ नाही, वर शेवाळ. आमच्या चाळीतला मुलगा मागच्या पावसाळ्यात गेला, पोहता येत होतं त्याला. त्याची चप्पल दगडावर नीट जोडून ठेवलेली होती, ती डोळ्यासमोरून हलत नाही.

घणसोलीकर_एस:
किट आणलं. खदानीचं पाणी निळसर हिरवं झालं, पट्टीवर 7.6 च्या जवळ. लुखाची बाटली टाकली तर पिवळी, किटवरची सगळ्यात खालची खूण. मॅडम, ओघळाच्या वर खरंच गंजलेल्या सळया पुरल्यात, डेब्रिजमधल्या. तुर्भेवाल्या ताई, वाचून खूप वाईट वाटलं. रविवारी मंडळातले आम्ही चौघं खदानीवर उभे राहणार आहोत, पोरांना परत पाठवायला. तुम्ही याल का, तुमचं ऐकतील.

तुर्भे_नाक्यावरची:
येते. आठच्या आत पोचा, पोरं साडेआठला येतात.