क्रूझच्या फीडबॅक फॉर्मात काय लिहू?

मुंबई-गोवा क्रूझ करून चोर्ला घाटातनं बेळगावला परत आलो बघा, आता कंपनीनं फॉर्म पाठवलाय, काय लिहू सांगा की ओ. समुद्र भारीच, पण बुफेला लाईन म्हणजे महाप्रसादाची, आणि केबिन वरच्या डेकवर एकदम पुढच्या टोकाला त्यामुळं आईला सारखी मळमळ.

खानापूरकर: तिथं हलणारच की. मधली, खालच्या डेकवरची केबिन कमी डुलते, हे बुकिंगलाच सांगत जावा म्हणून लिहा.

निपाणीवाला: जेवणाला टाइम स्लॉट पाहिजेत. आणि पिशवीचा चहा कोण पितंय ओ?

शहापूरची: जहाज सुटायच्या आधी मस्टर ड्रिल (संकटात कुठं जमायचं, काय करायचं त्याचा सराव) असतंय ते मराठीत पण सांगा म्हणावं, लाईफ जॅकेटचं इंग्रजीत म्हाताऱ्यांना काय कळणार.

बरोबर ताई, आईनं उलटंच घातलेलं! दोन दिवस घरनं नेलेल्या कुंद्यावर काढले तिनं.