सोलापूरच्या काळ्या मातीत अनंत की डबल तगर?

माहेर_कोकण यांचा प्रश्न

माझे माहेर रत्नागिरीजवळ आहे. तिथे विहिरीच्या कडेला आईने लावलेला अनंत कोणी विशेष लक्ष न देताही माणसापेक्षा उंच झाला आहे आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फुलतो. त्याच ओढीने दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या आमच्या अंगणात अनंताचे रोप जमिनीत लावले. इथली माती काळी आणि पाणी बोअरचे आहे. पहिल्या पावसाळ्यात रोप चांगले होते, पण पुढे येणारी प्रत्येक नवी पालवी पिवळी पडू लागली. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गेल्या उन्हाळ्यात सात-आठ कळ्या धरल्या, त्यांतील एकच उमलली आणि बाकीच्या हिरव्या असतानाच गळाल्या. मी नियमाने शेणखत घालते, शिवाय अंड्यांची टरफले कुटून आणि बंबातील राखही घालते.

शेजारच्या काकूंकडे डबल तगर आहे. तिला फक्त पाणी मिळते, तरी ती फुलांनी भरलेली असते. काकू म्हणतात की, तगर आणि अनंत एकाच जातीचे, तेव्हा अनंत काढून तगर लावावी. सासूबाईंना पूजेसाठी रोज पांढरी फुले हवी असतात, त्यामुळे मलाही तो विचार पटू लागला आहे. ही झाडे खरोखर सारखी आहेत का, आणि माझा अनंत वाचेल का?

कुंडीतला_माळी यांचे उत्तर

काकूंचा अनुभव खरा आहे, पण या दोन झाडांचे नाते नाही. फूल नसतानाही ती ओळखता येतात. तगरीचे पान देठापाशी तोडले की पांढरा चीक येतो, कारण ती कण्हेर, चाफा आणि सदाफुलीच्या कुळातील आहे. अनंताला असा चीक नसतो. तो कॉफी आणि कदंबाच्या कुळातला. आपल्याकडे घरगुती औषधात वापरली जाणारी डिकेमाली हा अनंताच्याच एका जंगली भाऊबंदाचा डिंक आहे. फुले जवळून पाहिली तरी फरक कळतो. अनंताची पाकळी जाड आणि मेणासारखी असून फूल जुने होताना आधी सायीच्या रंगाचे आणि मग पिवळे होते. तगरीची पाकळी पातळ व कडेला किंचित चुरगळलेली असते.

आता तुमच्या झाडाविषयी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. (खालची जुनी पाने पिवळी पडून गळत असती, तर मी आधी नत्राचा किंवा साचलेल्या पाण्याचा विचार केला असता.) तुमच्या मातीत लोह नाही असे नव्हे. अनंताला आम्ल माती लागते, साधारण ५ ते ६ सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा) असलेली. कोकणातील जांभ्याची माती मुळातच आम्ल असते, म्हणून आईच्या अनंताला काही करावे लागले नाही. सोलापूरकडील काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचे जड पाणी दर खेपेस त्यात भर घालते, आणि अशा मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. त्यावर तुम्ही टरफले आणि राख घालत होतात. टरफले म्हणजे चुनाच, आणि राखही अल्कधर्मी असते. मनापासून सांगतो, हे दोन्ही आजच बंद करा.

चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला, तर चुनखडी भरपूर आहे असे समजा. अशा जमिनीत गंधक घालून सामू खाली आणण्याचा खटाटोप मी करणार नाही, कारण त्यातून तयार होणारे आम्ल मातीतली चुनखडीच निष्प्रभ करून टाकते आणि सामू तसाच राहतो.

वाफा_आणि_विळा यांचे उत्तर

माझ्याकडे दोन्ही झाडे आहेत, म्हणून तगरीच्या बाजूनेही लिहितो. रोजच्या पूजेसाठी मी तगरच सुचवीन. ती जवळजवळ बारमाही फुलते, काळी माती आणि जड पाणी बऱ्यापैकी सोसते, पूर्ण उन्हात चालते आणि अर्धवट सावलीतही. पावसाळ्यात वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली फांदी लावली तर सहज जगते. छाटणीही केव्हाही करता येते. अनंताचे तसे नाही. त्याची छाटणी बहर संपल्याबरोबर करावी लागते. उशीर झाला तर पुढच्या कळ्यांवरच कात्री चालते.

तगरीतही पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात तिच्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी येते, जिच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. कण्हेरीवरही हीच येते. एका रात्रीत ती शेंडा फस्त करते, पण हाताने उचलून दूर टाकली तर फवारणीची गरज पडत नाही. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. सुवासाची तुलना मात्र होऊ शकत नाही. डबल तगरीला रात्री आणि पहाटे मंद वास असतो, तर अनंताचे एक फूल ओसरीवर ठेवले की घरभर दरवळते.

कुंडीतला_माळी यांचे आणखी एक उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, पण त्यावरून अनंत उपटून टाकावा असे ठरत नाही. जमिनीत तगर लावावी आणि अनंत कुंडीत आणावा. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. अनंताची मुळे वरच्या थरात असल्यामुळे त्याला हे दोन्ही बाधते.

दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर मुळांभोवतीच्या गोळ्यासह झाड काढा आणि मुळे न दुखावता सुटेल तेवढी काळी माती झटकून टाका. चौदा ते सोळा इंची कुंडीत लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचे मिश्रण भरा. पावसाचे पाणी पिंपात साठवा आणि ते अनंतासाठीच राखून ठेवा. लोहासाठी चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) वापरा, पण पाकिटावरील अक्षरे वाचा. ईडीटीए प्रकारातील लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, तिथे ईडीडीएचए लागते. कुंडीतील आम्ल मिश्रणात ईडीटीए चालेल. पिवळी झालेली जुनी पाने हिरवी होतीलच असे नाही, नवी पालवी कशी येते ते पाहावे.

कळ्या गळण्याचे मुख्य कारण पाण्यातील अनियमितता असते. एक दिवस कोरडे, दुसऱ्या दिवशी चिखल, असे झाले की झाड कळ्या टाकते. कळ्या असताना कुंडीची जागाही बदलू नये. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा आधीच ठरवा, कारण सोलापूरचे एप्रिल-मेमधील दुपारचे ऊन कुंडीतील मुळांना सोसत नाही.

माहेर_कोकण

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी झाडाच्या बुंध्याजवळची माती बशीत घेऊन व्हिनेगर टाकले, तर सोडा फसफसावा तसा फेस आला. मातीत टरफलांचे पांढरे तुकडे दिसतच होते, म्हणून कुंपणापलीकडची माती घेऊन पुन्हा पाहिले, तिलाही फेस आला. काकूंच्या तगरीचे पानही तोडून पाहिले आणि बोटाला चीक लागला. त्यांनी पावसाळ्यात फांदी देण्याचे कबूल केले आहे, तर सासूबाईंनी पन्हाळीखाली पिंप ठेवायला जागा करून दिली आहे. कुंडी पूर्वेच्या भिंतीजवळ ठेवते आहे. तिथे साडेअकरापर्यंत ऊन असते. कोकोपीट किती वेळा धुवावे लागते, तेवढे कोणी सांगावे.

वाफा_आणि_विळा

कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून ती भिजवून पिळून पाणी टाकावे, असे दोन-तीन वेळा करावे. शेवटचे पाणी पावसाचे असले तर उत्तम.