तीन डेटाबेस, तीन एच-इंडेक्स: अहवालात काय लिहायचं?

(प्रश्न अन्वीक्षाचा; तळटीप, उतरंड आणि साशंक ही उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं.)

अन्वीक्षा: निवड समितीसाठी बिहेविअरल न्यूरोसायन्समधल्या (मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासातल्या) एका संशोधकाच्या प्रकाशनांचा आढावा तयार करायचा आहे. अर्जात एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांना सायटेशन किती, यावरून काढलेला आकडा) ३८ दिलाय. गूगल स्कॉलरवर ३८च दिसतो, पण स्कोपसवर ३१ आणि वेब ऑफ सायन्सवर २९. शिवाय एकूण सायटेशनपैकी (इतर पेपरांनी दिलेल्या हवाल्यांपैकी) जवळपास निम्मी एकाच पेपरची आहेत, आणि तो आहे उंदरांच्या मेझ-चाचणीच्या (भूलभुलैयात वाट शोधण्याच्या चाचणीच्या) पद्धतीवरचा. आकडा कोणता धरायचा? त्या एका पेपरचं काय करायचं?

तळटीप: तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), पुस्तकांतली प्रकरणं असं जे सापडेल ते मोजतो. बाकीचे दोन निवडक स्रोतच घेतात. म्हणून डेटाबेसचं नाव आणि पाहिल्याची तारीख नसेल तर एच-इंडेक्स अहवालात लिहूच नका.

त्याआधी यादी साफ करा, खरं काम तिथेच आहे. ऑर्किड क्रमांकावरून, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून, सुरुवात करा (१६ स्थानं असतात, शेवटचं कधीकधी एक्स). पण ऑर्किडची यादी संशोधक स्वतः भरतो किंवा भरायची राहते, तेव्हा ती अर्जातल्या यादीशी ताडून पाहा. स्कोपसवर एकाच माणसाची दोन प्रोफाइल पडलेली असतात: संस्था बदलली, आडनाव बदललं, आद्याक्षरं वेगळी छापली गेली. मग एच-इंडेक्स कमी दिसतो. गूगल स्कॉलरवर बरोब्बर उलटं होतं, नावबंधूंचे पेपर आपोआप येऊन चिकटतात. चिंता आणि स्मृतीवरच्या पेपरांत मध्येच पॉलिमर किंवा दंतवैद्यक दिसलं की समजा. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूत स्वतःची सायटेशन वगळायची सोय आहे. वगळून आणि न वगळता, दोन्ही आकडे द्या.

उतरंड: त्या एका पेपरमुळे एच-इंडेक्स फुगत नाही, हे आधी लक्षात घ्या. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो एच. पेपरला ५० सायटेशन असोत की ५०००, इथे भर पडते एकाचीच. हिर्श यांनी २००५ मध्ये तो तसाच बांधला. फुगते ती सरासरी. म्हणून ‘दर पेपरमागे सायटेशन’ हा आकडा टाकून द्या आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) लिहा.

या विषयात पद्धतीच्या पेपरांना भरमसाट सायटेशन मिळणं नेहमीचंच आहे. मॉरिस यांचा वॉटर मेझवरचा (पाण्याच्या हौदात दडलेला चौथरा शोधण्याच्या चाचणीवरचा) १९८४ चा पेपर घ्या. पुढे ते तंत्र वापरणारा प्रत्येक जण पद्धतीच्या विभागात एका ओळीत त्याचा हवाला देतो. ही उपयुक्तता खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं, फक्त ‘नवा शोध’ या रकान्यात नको. उद्धृत करणारे वीसेक पेपर उघडा आणि हवाला पद्धतीत येतोय की चर्चेत, ते पाहा.

विषयानुसार तुलना हवी असेल तर पेपरांचे पबमेड (जैववैद्यकीय पेपरांची सूची) क्रमांक आयसाइट या एनआयएचच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या) ऑनलाइन साधनात टाका आणि आरसीआर, म्हणजे विषयाच्या मानाने सायटेशनचं प्रमाण, काढा. १.० म्हणजे एनआयएचच्या निधीवर झालेल्या पेपरांच्या मानाने मध्यावर. त्यात विषय ठरतो तो पेपरसोबत उद्धृत होणाऱ्या इतर पेपरांवरून, नियतकालिकाच्या वर्गावरून नाही. मानसशास्त्र, औषधशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या सीमेवर असलेल्या या क्षेत्राला ते जास्त मानवतं. मुख्य मर्यादा ही: पबमेडबाहेरचं काहीही त्यात येत नाही. शिवाय अगदी नव्या पेपरांच्या आरसीआरवर विसंबू नका.

साशंक: वरचं सगळं ठीक, पण सायटेशनवरून काम चांगलं आहे की नाही हे कळत नाही. संशोधकालाच त्याचे पाच पेपर निवडायला सांगा आणि ते वाचा. वर्तन-प्रयोगांत निकाल किती नाजूक असतात हे १९९९ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: उंदरांच्या त्याच जाती, त्याच चाचण्या, शक्य तितकी सारखी परिस्थिती, तरी तीन प्रयोगशाळांचे काही निकाल वेगळे.

वाचताना पाहायचं ते: उंदीर गटांत यादृच्छिक वाटले होते का, गुण देणाऱ्याला गट माहीत होता का, नर-मादी दोन्ही होते का, किती प्राणी वगळले आणि का. सगळ्यात नडते ती नमुन्यांची संख्या. एकाच मादीची आठ पिल्लं आठ स्वतंत्र नमुने म्हणून मोजली, तर पी-मूल्य (निकाल निव्वळ योगायोगाचा नाही हे दाखवायला वापरतात तो आकडा) विनाकारण छान येतं. हे तपासायला अराइव्ह २.० या प्राणी-प्रयोगांच्या अहवालासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतली दहा अत्यावश्यक कलमांची यादी पुरते. मागे घेतलेले पेपरही शोधा, मागे घेतल्यावरही त्यांना सायटेशन मिळत राहतात.

अन्वीक्षा: आणि लेखकक्रम? ३० लेखकांचे दोन पेपर आहेत.

तळटीप: या क्षेत्रात साधारणपणे पहिला लेखक म्हणजे प्रयोग करणारा, शेवटचा म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख. पहिला, मधला, शेवटचा असे तीन रकाने करून प्रत्येकाची सायटेशन वेगळी मांडा. त्या दोन पेपरांना चौथा रकाना द्या. त्यांत लेखकांच्या योगदानाचं निवेदन असेल तर क्रेडिट या योगदानाच्या वर्गीकरणातल्या १४ भूमिकांपैकी या संशोधकाच्या नावापुढे कोणत्या आहेत ते तसंच उतरवा. नुसतं ‘हस्तलिखिताचं संपादन’ असेल तर तेवढंच लिहायचं.