मदत हवी आहे: नव्या ओट्यावर केक एका बाजूने फुगतोय

स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं आणि ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) भिंतीलगतच्या कोपऱ्यात आला. तेव्हापासून मुलांसाठी केलेला केक भिंतीकडच्या बाजूने जास्त फुगतो, तिथेच आधी करपतो. कृती, डबा, वेळ सगळं पूर्वीचंच. ओटा आणि आतली जाळी लेव्हलने तपासली, सपाट आहेत. थर्मामीटर मधोमध १८०° सेल्सिअस दाखवतो. ओटीजीच्या आत पंखा नाही. अर्ध्या वेळेनंतर डबा फिरवला की रंग जरा सारखा येतो, पण उंचवटा तोवर झालेला असतो. त्याआधी दार उघडलं तर केक बसतो.

ओटीजी सरकवायचा तर सॉकेट हलवायला नवी टाइल फोडावी लागेल, आणि एक्स्टेन्शनवर एवढा लोड नको. हा भिंतीचा परिणाम की हलवताना आतल्या तापणाऱ्या रॉडला काही झालं, हे टाइल फोडण्याआधी घरीच कसं ओळखायचं?