चर्चा: १२ क्लब फिरलेला अनेल्का. वाया गेला, की आपणच त्याला चुकीचं मोजतोय?

रिकामा_गोलपोस्ट:
परवा मित्रांमध्ये विषय निघाला की सगळ्यात जास्त टॅलेंट वाया घालवलेला स्ट्रायकर कोण, मी पटकन फ्रान्सचा निकोला अनेल्का म्हणालो आणि सगळे अंगावर आले. म्हणून इथे धागाच काढतोय, हाणा काय हाणायचं ते.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅरिस सेंट जर्मेन, आर्सेनल, रिअल माद्रिद, परत पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि शेवटी आपली मुंबई सिटी. १२ क्लब झाले, पॅरिसला दोनदा. यातल्या एका तरी क्लबचे लोक म्हणतात का की अनेल्का आमचा? १९९७ ला आर्सेनलने ५ लाख पौंडात उचललेलं पोरगं, १९९८ ला लीग आणि एफए कप दोन्ही, कपच्या फायनलला न्यूकॅसलविरुद्ध गोल, पुढच्या सीझनला लीगमध्ये १७ गोल आणि इंग्लंडमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू. मध्येच फेब्रुवारी १९९९ ला वेम्बलीवर फ्रान्सने इंग्लंडला २-० हरवलं ते दोन्ही गोल याचेच, तेव्हा विशीसुद्धा पूर्ण नव्हती. आणि मग काय, तर रुसला. तिथल्या पेपरवाल्यांनी 'ले सल्क' नाव ठेवलं, म्हणजे आपल्याकडचे रुसूबाई रुसू. १९९९ च्या ऑगस्टला माद्रिदला गेला आणि त्यानंतर या माणसाने बॅग कधी पूर्ण उघडलीच नाही.

त्याच्या जागी आर्सेनलने कोणाला आणलं? हेन्रीला. तोही पॅरिसच्या उपनगरातला, तोही क्लेअरफाँतेनच्या अकादमीतला, वयात दीड वर्षाचा फरक. तो थांबला, २२८ गोल मारले आणि आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. माझी केस इथेच संपते.

डावा_पाय:
कैच्याकै. चॅम्पियन्स लीग, युरो २०००, प्रीमियर लीग दोनदा, एफए कप तीनदा, तुर्कस्तानची लीग, २००८-०९ चा गोल्डन बूट, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल. याला वाया जाणं म्हणत असाल तर मला पण जायचंय वाया. इब्राहिमोविच पण आयुष्यभर क्लब बदलत फिरला, त्याला चॅम्पियन्स लीग कधीच मिळाली नाही, पण तो राजा आणि हा भाडोत्री. का, तर एक जण मुलाखतीत फटकेबाजी करतो आणि दुसरा तोंड पाडून बसतो म्हणून.

रिकामा_गोलपोस्ट:
ट्रॉफ्या टीमच्या असतात भावा. माद्रिदला अख्ख्या सीझनमध्ये लीगचे गोल किती? दोन. मेडल काय, बेंचवरच्यालापण मिळतं.

शिट्टीवाला:
थांबा, माद्रिदचं एवढ्या वरवर नका बोलू. तो पोरगा २० वर्षांचा असताना गेला, आधीच्या आर्सेनलच्या ड्रेसिंग रूममध्ये कोच वेंगर आणि अर्धे फ्रेंच, आणि इकडे राऊल-मोरिएन्तेसची जमलेली जोडी, त्यांना हा २ कोटी २३ लाख पौंडांचा नवीन कशाला हवा होता. चूक त्याचीही होतीच. मार्च २००० मध्ये प्रॅक्टिसला यायचंच नाकारलं आणि क्लबने ४५ दिवसांसाठी सस्पेंड केलं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

पुढची कोणी सांगत नाही. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, समोर बायर्न. पहिल्या लेगला, म्हणजे दोनपैकी पहिल्या मॅचला, चौथ्या मिनिटालाच अनेल्काचा गोल. म्युनिकला दुसरा लेग माद्रिद २-१ हरलं, पण तो जो एक गोल आहे ना, हेडर, तो पण याचाच, आणि दोन्ही लेगचे गोल मिळून माद्रिद फायनलला गेलं ते त्याच्यावरच. फायनल पॅरिसमध्ये, म्हणजे तो ज्या ट्राप्पमध्ये वाढला तिथून फार लांब नाही, आणि हा सुरुवातीच्या ११ मध्ये होता. बेंचवरचं मेडल नाही ते.

रिकामा_गोलपोस्ट:
बरं, बायर्नचं मान्य. बेंचचा शब्द मागे. पण मग अजूनच राग येतो हो! एवढं जमत होतं तर तीन महिन्यांत बस्तान गुंडाळून पॅरिसला परत का गेला? तिथे कोच लुईस फर्नांडिसशी फाटलं. नंतर फ्रान्सच्या कोचशी, जाक सांतिनीशी फाटलं, तो बोलवत होता आणि हा जायला तयार नाही. मग फ्रान्सचाच पुढचा कोच दोमेनेक. दर वेळी समोरचाच वाईट कसा असतो?

हिशेबनीस_काका:
तुम्ही लोक सगळी चर्चा स्वभावाची करता, जरा पैशाकडे बघा. माझा जन्म वह्या तपासण्यात गेला म्हणून मला तेच दिसतं.

आर्सेनलने ५ लाखांत घेतला, २ कोटी २३ लाखांना विकला. अडीच वर्षांत. त्या पैशात लंडन कोल्नी गावातलं आर्सेनलचं नवीन ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं आणि हेन्रीची किंमत पण त्यातच निघाली. म्हणजे वर ज्या पुतळ्याचं कौतुक चाललंय त्याचा पाया कोणाच्या पैशावर? पुढे पॅरिस साधारण २ कोटी २० लाख, सिटी १ कोटी ३० लाख, फेनरबाचे ७० लाख, बोल्टन ८० लाख, चेल्सी दीड कोटी. बेरीज पावणेनऊ कोटी पौंडांच्या आसपास जाते. एक काळ असा होता की सगळे ट्रान्सफर मिळून फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पैसा याच्यावर खर्च झाला होता.

आता सांगा, ज्याला घेऊन कोणी ना कोणी पुढच्याला विकतोय त्याने निष्ठा कोणाशी ठेवायची? पॅरिस सोडलं तर फार मोठा तोटा कोणाला झालेला मला तरी दिसत नाही. बोल्टनने ८० लाखांना घेऊन दीड वर्ष वापरून दीड कोटीला दिला. यात रुसलं कोण आणि हसलं कोण ते बघा.

डावा_पाय:
काका, दंडवत.

शेवटची_बस:
काकांचा हिशेब बरोबर आहे पण अर्धा आहे. आर्सेनल सोडायची घाई क्लबला नव्हती, याला आणि याच्या भावांना होती, एजंट तेच होते. विकत घेतलेली वस्तू आणि स्वतःहून दुकानातून निघून गेलेली वस्तू यात फरक असतो की नाही? वेंगर याला ठेवायला तयार होता. हेन्री-अनेल्का एकत्र, बर्गकॅम्प मागे. नुसतं मनातल्या मनात खेळवून बघा.

हिशेबनीस_काका:
एकत्र खेळवायला दुसऱ्याला घ्यायला पैसे कुठून आले असते, ते पण मनातल्या मनात बघा.

तिसरी_जर्सी:
मी चेल्सीवाली, त्यामुळे माझं मत जरा हळवं असणार हे आधीच सांगते. मॉस्को २००८, मँचेस्टर युनायटेडविरुद्धची चॅम्पियन्स लीग फायनल. पाऊस, एक्स्ट्रा टाइम, हा ९९ व्या मिनिटाला जो कोलच्या जागी उतरला. पेनल्टी शूटआउटमध्ये आमचा कॅप्टन टेरी घसरला हे सगळ्या जगाला माहिती आहे. पण शेवटची किक परत एकदा नीट बघा, मी किती वेळा बघितलीय मोजलं नाही. चेल्सीची सातवी. तोपर्यंत चेल्सीचे बरेचसे खेळाडू एकाच बाजूला मारत होते, युनायटेडचा गोलकीपर वान डर सारच्या डाव्या हाताला. अनेल्का बॉल ठेवतो, आणि वान डर सार दोन्ही हात पसरतो आणि डाव्या हाताने डावा कोपरा दाखवतो. म्हणजे, चल, तुम्ही सगळे इथेच मारताय ना, मार. अनेल्का त्याच्याकडे बघतो. आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय झालं ते चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही. तो दुसऱ्या बाजूला मारतो, बॉल ना धड खाली ना धड वर, वान डर सार तिकडेच झेपावलेला. संपलं.

त्यानंतर सगळे म्हणाले की याला फरकच पडत नव्हता, बघा कसा चालत आला. मला तो चेहरा पटत नाही. पुढच्याच सीझनला याच माणसाने लीगमध्ये १९ गोल मारून गोल्डन बूट घेतला, द्रोग्बासारखा स्ट्रायकर असलेल्या टीममध्ये. ज्याला फरक पडत नाही तो असं करतो का? आणि २००९-१० ला लीग जिंकताना हा बाजूला सरकून द्रोग्बाला जागा करून द्यायचा. ते गोलच्या यादीत येत नाही. तेव्हा वर कोणीतरी 'एकाही क्लबचे म्हणत नाहीत' असं लिहिलंय, तर मी म्हणते. आमचा.

शिट्टीवाला:
+१. ती पेनल्टी मी पण आत्ता परत बघितली, हात पसरणं खरंच आहे.

रिकामा_गोलपोस्ट:
ताई, लिहिलंय भारी, पण २०१० चं काय? साउथ आफ्रिका वर्ल्डकप, मेक्सिकोविरुद्ध हाफ टाइमला दोमेनेकला शिव्या, फेडरेशनने घरी पाठवलं, आणि मग नायस्नाला, जिथे मुक्काम होता तिथे, टीम बसमधून खालीच उतरेना. प्रॅक्टिसवर बहिष्कार! अख्ख्या देशाची लाज. नंतर १८ मॅचची बंदी. फ्रान्ससाठी ६९ मॅच आणि १४ गोल, एवढ्या टॅलेंटला हे शोभतं?

डावा_पाय:
१८ मॅचची बंदी अशा माणसाला, जो परत फ्रान्सकडून खेळणारच नव्हता. हसून हसून पुरेवाट. आणि बसमधून न उतरणारे बाकीचे होते, हा तर केव्हाच विमानात बसला होता. शिव्या म्हणाल तर पेपरच्या पहिल्या पानावर जे शब्द छापले ते मी असे बोललोच नाही असं तो कायम म्हणत आलाय. ड्रेसिंग रूममधलं बोलणं बाहेर कोणी नेलं यावर मात्र कोणाला राग नाही.

आणि देशाची बाजू पण बघा की. १९९८ च्या वर्ल्डकपला अगदी शेवटच्या क्षणी २८ मधून जे सहा कापले त्यात हा १९ वर्षांचा. टीम वर्ल्डकप जिंकली, हा टीव्हीवर. २००२ ला घेतला नाही. २००६ ला स्ट्रायकर सिसेचा पाय मोडला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता तरी हा, तर गोवूला बोलावलं. १२ वर्षांत एकच वर्ल्डकप मिळाला आणि तो पण असा.

शेवटची_बस:
सगळ्यालाच कोणीतरी दुसरा जबाबदार ठरवायचं म्हटलं तर ठरवता येतं. माझ्यासाठी विषय डिसेंबर २०१३ ला संपला. वेस्ट ब्रॉमकडून वेस्ट हॅमविरुद्ध गोल मारून तो 'कनेल'चा हातवारा केला, ज्याला ज्यूविरोधी अर्थ आहे हे फ्रान्समध्ये शेंबड्या पोरालापण माहीत होतं. म्हणे कॉमेडियन मित्रासाठी केला. पाच मॅचची बंदी, ८० हजार पौंड दंड. चौकशी समितीने तो स्वतः ज्यूद्वेष्टा आहे असं म्हटलं नाही हे मान्य, पण मग माफी मागून मोकळा हो ना बाबा. तर नाही, ट्विटरवरून क्लब सोडल्याचं जाहीर केलं. विशीतलं रुसणं मी समजू शकतो, चौतिशीतलं हे नाही.

तिसरी_जर्सी:
याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते वाईटच होतं.

ऑफसाइड_अण्णा:
सगळे लंडन-माद्रिद करताय, मुंबईवर कोण बोलणार? २०१४ चा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिला सीझन, मी डीवाय पाटीलला मुद्दाम याच्यासाठी जायचो. बाय द वे, तीच इंग्लंडमधली बंदी इथपर्यंत पाठीमागे आली होती, सुरुवातीच्या मॅचला हा नव्हताच, आणि हा नसताना मुंबईने पुण्याला ५-० धुतलं.

नंतर खेळला तेव्हा पळायचा फारच कमी, ३५ वय, आणि दमट हवेत त्याचे हाल दिसत होते. पण एक गोष्ट लक्षात राहिलीय. बॉल दुसऱ्या बाजूला असला की हा चालत असायचा, मान मात्र सारखी फिरायची, डिफेंडर कुठे, मोकळी जागा कुठे. मग हात कमरेच्या खाली ठेवूनच दोन बोटांनी दाखवायचा की इथे दे. आणि पास भलतीकडेच जायचा. हा थांबायचा, ज्याने पास दिला त्याच्याकडे बघायचा, आणि परत चालायला लागायचा. शेजारचा ओरडला, बघ कसा तोंड वाकडं करतोय. मला वाटलं, माणसाला दिसतंय पण आता स्वतःला पोचता येत नाही आणि बाकीच्यांना दिसत नाही. त्याचं तोंड त्यामुळे तसं होतं.

दुसऱ्या वर्षी तोच कोच पण झाला. छेत्रीची हॅटट्रिक त्याच सीझनची, आणि गोव्याकडून ०-७ पण त्याच सीझनचा. दोन्ही बघितलंय या डोळ्यांनी.

रिकामा_गोलपोस्ट:
अण्णा, ०-७ ची आठवण काढायची गरज नव्हती.

मी थोडा मागे येतो. 'वाया गेला' हे मागे घेतो. पण 'अजून बरंच व्हायला हवं होतं' यावर ठाम आहे. प्रीमियर लीगमध्ये १२५ गोल आहेत, सहा क्लब मिळून. हेच एका जर्सीत असते तर हा धागा काढावाच लागला नसता.

डावा_पाय:
एका जर्सीत असते तर बोल्टन २००६-०७ ला सातवं येऊन युरोपमध्ये खेळलं नसतं. अनेल्का टॉप स्कोअरर, कोच अॅलर्डाइसच्या हाताखाली, कुरकुर नाही काही नाही. जिथे कोणी याच्याकडून पुतळ्याची अपेक्षा केली नाही तिथे हा मस्त खेळला.

लाल_मफलर:
उशिरा आलो. सगळा धागा वाचला आणि २००२ वर एक ओळ नाही? आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी अर्धा सीझन लोनवर, म्हणजे उसना, बघितला होता याला, सगळ्यांना हवा होता, आणि कोच हुलिएने याला परत पाठवून एल हाजी दियूफला घेतलं. दियूफचे लीगमधले एकूण गोल तीन. तीन!!

हिशेबनीस_काका:
दियूफचा हिशेब पण काढू का? एक कोटी पौंड भागिले तीन.

लाल_मफलर:
नको काका. झोपू द्या.